स्थितिस्थापक दंतसाधने व त्यांचे निर्जंतुकीकरण

स्थितिस्थापक दंतसाधने व त्यांचे निर्जंतुकीकरण : वेडेवाकडे दात योग्य जागी आणण्यासाठी रबराची किंवा रबरासारख्या संश्लेषित द्रव्यांची वलये, साखळ्या व धागे वापरले जातात. या साधनांना स्थितिस्थापक दंतसाधने म्हणता येईल. दंतवैद्यकाच्या ज्या शाखेत त्यांचा वापर होतो तिला ऑर्थोडाँटिक्स असे म्हणतात. तार, ब्रॅकेट व वलय यांच्या साहाय्याने दातावर सौम्य पण सतत ओढ ठेवली, की दाताभोवतीच्या हाडात एका बाजूस झीज व दुसऱ्या बाजूस नवी वाढ होते आणि दात हळूहळू सरकतो. सुळा मागे सरकविण्यासाठी साधारणतः १५० ते २०० ग्रॅम भाराइतकी ओढ पुरेशी मानतात. ओढ फार कमी झाल्यास दात हलत नाही. फार वाढल्यास वेदना होतात व मुळांना इजा पोहोचण्याचा संभव असतो. म्हणून या साधनांचे बळ ठराविक मर्यादेत टिकणे आवश्यक असते.

तोंडात वापरावयाचे कोणतेही साधन रोगजंतूंपासून मुक्त असावे, ही दुसरी अट होय. या दोन अटी परस्परांशी सहज जुळत नाहीत. जंतूंचा नाश करणारी उष्णता, वाफ, रसायने व किरण ही रबराच्या रेणूंवरही परिणाम करतात. पोलादी चिमटा शेकडो वेळा वाफेत ठेवता येतो. रबरी वलयाच्या बाबतीत तसे करता येत नाही. या विरोधातून वाट कशी काढली गेली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सातारा व सांगली या जिल्ह्यांत आधुनिक रुग्णालयीन शस्त्रक्रियेला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची परंपरा असून दंतवैद्यकाच्या शिक्षणाची केंद्रेही तेथे आहेत. त्यामुळे या परिसराच्या संदर्भात हा इतिहास पाहणे उपयुक्त ठरते.

रबराचा दंतवैद्यकात प्रवेश : कच्चे रबर थंडीत कडक व उन्हाळ्यात चिकट होते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा उपयोग मर्यादित होता. चार्ल्स गुडइयर (१८००–६०) या अमेरिकन संशोधकांना १८३९ मध्ये असे आढळले, की गंधकासह तापविलेले रबर थंडीत व उष्णतेत आपला लवचीकपणा टिकवून धरते. या क्रियेला व्हल्कनीकरण असे नाव मिळाले. गुडइयर यांना १८४४ मध्ये अमेरिकेत तिचे एकस्व मिळाले. त्याच सुमारास टॉमस हँकॉक (१७८६–१८६५) यांनी इंग्लंडमध्ये याच क्रियेचे एकस्व घेतले. १८४५ मध्ये लंडनमध्ये स्टीव्हन पेरी यांनी रबरी पट्ट्यांचे एकस्व मिळविले [⟶ रबर].

दंतवैद्यांनी या नव्या द्रव्याचा लाभ लवकरच घेतला. अमेरिकेत १८४० नंतरच्या दशकात दात ओढण्यासाठी रबराचा वापर सुरू झाला आणि पुढे रबरी नळीचे आडवे काप घेऊन वलये करण्याची सोपी पद्धत रूढ झाली. आजही लॅटेक्सची वलये मूलतः याच तत्त्वाने, नळीचे काप घेऊन तयार करतात. १८९० नंतरच्या दशकात हेन्री बेकर व कॅल्व्हिन केस यांनी वरच्या व खालच्या जबड्यांना जोडणारी वलये वापरात आणली. एका जबड्याच्या आधाराने दुसऱ्या जबड्यातील दात सरकविण्याची ही पद्धत ‘बेकर आधार’ या नावाने ओळखली गेली. आधुनिक ऑर्थोडाँटिक्सचे प्रवर्तक एडवर्ड अँगल (१८५५–१९३०) यांनी तिचा पुरस्कार केल्यामुळे तिचा प्रसार झाला. ही वलये रुग्णाने स्वतः काढावयाची व रोज नवी लावावयाची असत. त्यामुळे ती पुन्हा वापरण्याचा किंवा निर्जंतुक करण्याचा प्रश्न त्या काळी फारसा उद्भवला नाही.

निर्जंतुकीकरणाचा विकास : याच काळात शस्त्रक्रियेचे स्वरूप पालटत होते. जोसेफ लिस्टर (१८२७–१९१२) यांनी १८६७ मध्ये कार्बॉलिक अम्लाच्या साहाय्याने जखमेतील जंतूंचा नाश करण्याची पूतिरोधक पद्धत प्रसिद्ध केली. जंतू जखमेत आलेलेच आहेत असे समजून त्यांना मारावयाचे, हे तिच्यामागील तत्त्व होते. १८७९ च्या सुमारास लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ (१८५१–१९०८) यांनी दाबाखालील वाफेचे पात्र तयार केले. ऑटोक्लेव्ह या नावाने ते सर्वपरिचित आहे. १८८१ मध्ये रॉबर्ट कॉख (१८४३–१९१०) व त्यांचे सहकारी यांनी कोरड्या उष्ण हवेपेक्षा वाफ कितीतरी परिणामकारक असल्याचे प्रयोगांनी दाखविले. जंतूंची टणक बीजुके कोरड्या उष्णतेत दीर्घकाळ तग धरतात. वाफेत मात्र त्यांतील प्रथिने लवकर गोठतात, हे त्याचे कारण होय.

बर्लिन येथे एर्न्स्ट फोन बेर्गमान (१८३६–१९०७) व त्यांचे सहायक कुर्ट शिमेलबुश यांनी या ज्ञानाचा उपयोग करून निर्जंतुक पद्धती रूढ केली. या पद्धतीत जंतू जखमेत येऊ नयेत म्हणून उपकरणे, वस्त्रे व पट्ट्या आधीच वाफेने शुद्ध करून घेतात. आलेल्या जंतूंचा नाश करण्याकडून जंतूंना येऊच न देण्याकडे झालेले हे संक्रमण वैद्यकाच्या इतिहासात मूलगामी ठरले. स्थितिस्थापक दंतसाधनांच्या बाबतीत असेच संक्रमण सुमारे एका शतकानंतर घडून आले.

मिरज येथील परंपरा : कृष्णा खोऱ्यात आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया घालण्याचे श्रेय मुख्यतः विल्यम जेम्स वॉनलेस (१८६५–१९३३) यांना दिले जाते. जन्माने कॅनडियन असलेले हे मिशनरी शल्यविशारद १८८९ मध्ये भारतात आले. प्रथम सांगली येथे व नंतर मिरज येथे त्यांनी कार्य केले. मिरज येथील रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले आणि १८९७ मध्ये त्याला जोडून वैद्यकीय शिक्षणाची सोय करण्यात आली. मिरज हे रेल्वेचे महत्त्वाचे स्थानक असल्याने दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटक या भागांतून रुग्ण तेथे येऊ लागले. १९२८ मध्ये वॉनलेस यांना ‘सर’ हा किताब मिळाला. सांगली व मिरज यांच्या दरम्यानची वानलेसवाडी ही वस्ती त्यांचेच नाव धारण करते.

या रुग्णालयाची स्थापना झाली तेव्हा यूरोपात पूतिरोधक पद्धती मागे पडून निर्जंतुक पद्धती पुढे येत होती. वीज व नळाचे पाणी यांच्या सोयी नसलेल्या प्रदेशात पाणी उकळणे, वाफ तयार करणे आणि कापड, धागे व उपकरणे त्यांतून काढणे हा शस्त्रक्रियेच्या सिद्धतेतील मोठा भाग होता. त्या काळच्या उपकरणांत पोलाद, काच, सुती कापड व रेशीम यांचा भरणा असे. ही सर्व द्रव्ये उष्णता बऱ्यापैकी सहन करतात. रबर हा त्यांतील अपवाद होता.

संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये पूर्वीच्या सातारा जिल्ह्याचे काही तालुके आणि सांगली, मिरज इ. संस्थानांचे भाग मिळून दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव देण्यात आले. १९६२ मध्ये मिरज येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९८४ मध्ये कराड येथे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना झाली. पुढे कराडजवळ मलकापूर येथील याच संस्थेत, तसेच सांगली परिसरात, दंतवैद्यकाच्या शिक्षणाची सोय झाली. भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय वानलेसवाडी येथेच आहे. अशा रीतीने शस्त्रक्रियेतील निर्जंतुकीकरण व दंतवैद्यकातील स्थितिस्थापक द्रव्ये या दोन्ही विषयांचे अध्यापन या परिसरात एकत्र आले.

रबरी हातमोज्यांचा धडा : रबर आणि वाफ यांचा वैद्यकातील पहिला मोठा सामना हातमोज्यांच्या निमित्ताने घडला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड (१८५२–१९२२) यांच्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांना मर्क्युरिक क्लोराइडाच्या द्रावणाने दाह होऊ लागला. हॉल्स्टेड यांनी १८८९-९० च्या सुमारास गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ हातमोजे तयार करून घेतले. आरंभी ते हातांच्या रक्षणासाठी होते. रुग्णाचे जंतूंपासून रक्षण करणे हा त्यांचा हेतू नंतर स्पष्ट झाला.

त्यानंतर अनेक दशके जगभरातील रुग्णालयांत हातमोजे धुऊन, भोके तपासून, ठिगळे लावून, भुकटी लावून व वाफेत ठेवून पुन्हा पुन्हा वापरले जात. प्रत्येक वेळी रबर थोडे दुबळे होई. बोटांच्या टोकांशी ते चिकट किंवा ठिसूळ बने. हातमोजा फाटला की ते उघड दिसे आणि तो टाकून दिला जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकदाच वापरावयाचे, कारखान्यातच निर्जंतुक करून बंद पाकिटात भरलेले हातमोजे आले आणि हा प्रघात मागे पडला. वलयाच्या बाबतीत अडचण अधिक सूक्ष्म आहे. दुबळे झालेले वलय तुटेलच असे नाही; ते दातावर जसेच्या तसे दिसते, परंतु त्याची ओढ नाहीशी झालेली असते.

संश्लेषित साखळ्या : १९३७ मध्ये ऑटो बायर (१९०२–८२) व त्यांचे सहकारी यांनी जर्मनीत पॉलियुरेथेन या बहुवारिकांच्या वर्गाचा शोध लावला. १९६० नंतरच्या दशकात या वर्गातील द्रव्यांपासून केलेल्या साखळ्या व तार बांधण्याची लहान वलये ऑर्थोडाँटिक्समध्ये आली. लॅटेक्सची वलये रुग्ण स्वतः बदलतो, तर या साखळ्या दंतवैद्य बसवितो व त्या पुढील भेटीपर्यंत, म्हणजे साधारणतः तीन ते सहा आठवडे, तोंडात राहतात. त्यांमुळे उपचार रुग्णाच्या नियमितपणावर कमी अवलंबून राहू लागला.

परंतु या साखळ्यांत एक उपजत दोष आढळला. १९७० मध्ये अँड्रीसन व बिशारा यांनी लॅटेक्सची वलये व संश्लेषित साखळ्या यांची तुलना प्रसिद्ध केली. ताणून ठेवलेल्या साखळीचे बळ पहिल्या २४ तासांतच मोठ्या प्रमाणात घटते, असे या व नंतरच्या प्रयोगांत दिसून आले. सामान्यतः ही घट आरंभीच्या बळाच्या निम्मी किंवा त्याहून अधिक असते. त्यानंतर घट मंद होते व उरलेले बळ काही आठवडे टिकते. म्हणून दंतवैद्य आरंभीची ओढ गरजेपेक्षा अधिक ठेवतात. निर्जंतुकीकरणामुळे यात आणखी किती घट पडते, हा प्रश्न या पार्श्वभूमीवर महत्त्वाचा ठरतो. कारण ही घट वर सांगितलेल्या हिशेबात धरलेली नसते.

द्रव्याची घटना व ऱ्हास : नैसर्गिक रबराचे रेणू लांब, नागमोडी साखळीसारखे असतात. गंधकाच्या अणूंचे पूल त्यांना जागोजागी जोडतात. ताण दिल्यावर रेणू सरळ होतात व ताण काढताच पूर्वस्थितीस येतात. हीच स्थितिस्थापकता होय. या रेणूंत असलेल्या दुहेरी बंधांवर ऑक्सिजन व ओझोन सहज हल्ला करतात. उष्णतेने ही क्रिया जलद होते. रेणू तुटल्यास रबर मऊ व चिकट होते, तर त्यांच्यात जादा पूल निर्माण झाल्यास ते कडक व ठिसूळ होते.

पॉलियुरेथेनाची घटना निराळी असते. त्यात मऊ व कठीण असे दोन प्रकारचे खंड आलटून पालटून येतात. कठीण खंड परस्परांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात व गाठीसारखे कार्य करतात. तापमान वाढले, की हे बंध सैल होतात आणि थंड झाल्यावर खंडांची मांडणी पूर्ववत होईलच असे नाही. शिवाय एस्टर गट असलेल्या प्रकारांत पाण्यामुळे रेणूचे जलीय विच्छेदन होते; तापमानाबरोबर त्याचा वेग वाढतो. ईथर गट असलेले प्रकार पाण्याला अधिक तोंड देतात. रंगद्रव्य, भरणद्रव्य व तयार करण्याची पद्धत यांनुसारही गुणधर्म बदलतात. त्यामुळे एका उत्पादकाच्या साखळीबाबतचा निष्कर्ष दुसऱ्याच्या साखळीला सरसकट लावता येत नाही.

निर्जंतुकीकरणाच्या पद्धती व त्यांचे परिणाम : (१) दाबाखालील वाफ : १२१° से. तापमानास १५ ते २० मिनिटे किंवा १३४° से. तापमानास सु. ३ मिनिटे ही नेहमीची प्रमाणे होत. बीजुकांसह सर्व जंतूंचा नाश होतो, हा या पद्धतीचा मोठा गुण. परंतु उष्णता व पाणी ही ऱ्हासाची दोन्ही कारणे येथे एकत्र येतात. म्हणून पॉलियुरेथेनाच्या साखळ्यांसाठी ही पद्धत सामान्यतः अयोग्य ठरते. लॅटेक्स एखादी फेरी सहन करू शकतो, पण फेऱ्या वाढल्यास त्याचा लवचीकपणा घटतो. (२) कोरडी उष्णता : १६०° से. तापमानास दोन तास ठेवावे लागते. धातूच्या उपकरणांना गंज लागत नाही म्हणून दंतवैद्यकात तिचा वापर होतो. स्थितिस्थापक द्रव्ये मात्र या तापमानात निरुपयोगी होतात. (३) उकळते पाणी : याने सामान्य जंतू मरतात, परंतु बीजुके मरत नाहीत. म्हणून त्यास निर्जंतुकीकरण म्हणता येत नाही आणि द्रव्याची हानी मात्र होतेच.

(४) रासायनिक द्रावणे : १९६० नंतर दोन टक्के अल्कधर्मी ग्लुटाराल्डिहाइडाचा वापर रूढ झाला. उष्णता सहन न करणाऱ्या साधनांना ते वरदान ठरले. त्यात सुमारे २० ते ४५ मिनिटे ठेवल्यास उच्च प्रतीचे निर्जंतुकन होते. बीजुकांच्या नाशासाठी सुमारे १० तास लागतात. १९९१ मध्ये जेफ्रीज व फोन फ्राउनहोफर यांनी या द्रावणाचा साखळ्यांच्या स्थितिस्थापक गुणधर्मांवरील परिणाम अभ्यासला. त्यानंतर अशा प्रयोगांची मालिकाच सुरू झाली. अल्पकाळ संपर्काने होणारा बदल सामान्यतः लहान असतो, परंतु द्रावणात साधन विसरून राहिल्यास किंवा तीच क्रिया वारंवार केल्यास तो वाढतो. द्रावणाचा अंश साधनावर राहिल्यास तोंडाच्या अस्तराचा दाह होतो, म्हणून ते स्वच्छ निर्जंतुक पाण्याने धुणे अवश्य असते. सोडियम हायपोक्लोराइट हे स्वस्त व प्रभावी जंतुनाशक आहे, परंतु ते ऑक्सिडीकारक असल्याने रबराला अपायकारक ठरते. अल्कोहॉलाने काही बहुवारिके फुगतात. (५) एथिलीन ऑक्साइड वायू : कमी तापमानास कार्य करतो. तो रबरात शोषला जातो व विषारी असल्याने नंतर साधन बराच काळ हवेशीर ठेवावे लागते. लहान दवाखान्यात ही पद्धत व्यवहार्य नाही.

(६) प्रारण : कोबाल्ट-६० पासून निघणाऱ्या गॅमा किरणांनी बंद पाकिटातील वस्तू तापविल्याशिवाय निर्जंतुक करता येते. भारतात या पद्धतीचा आरंभ महाराष्ट्रातच झाला. १९७४ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राने ट्रॉम्बे येथे आयसोमेड हा प्रकल्प सुरू केला. या पद्धतीत सामान्यतः २५ किलोग्रे इतकी मात्रा देतात. गॅमा किरणांमुळेही रेणू तुटतात किंवा नवे पूल निर्माण होतात; परंतु मात्रा निश्चित असल्याने उत्पादकाला त्या बदलाचा अंदाज घेऊन द्रव्याची घटना आधीच ठरविता येते. दवाखान्यातील पद्धतींहून या पद्धतीचा हा महत्त्वाचा वेगळेपणा होय.

बळाचे मापन : निर्जंतुकीकरणाचा परिणाम तपासताना दोन गुणधर्म वेगळे मोजावे लागतात. पहिला ताणबल, म्हणजे साधन तुटेपर्यंत ते किती ओढ सहन करते. दुसरा बलऱ्हास, म्हणजे ठराविक लांबीपर्यंत ताणून ठेवल्यावर कालांतराने किती ओढ उरते. ताणबल मोजण्यासाठी नमुना यंत्राच्या दोन पकडींत धरून ठराविक वेगाने ओढतात. बलऱ्हासासाठी नमुने ठराविक अंतरावरील खिळ्यांवर चढवून ३७° से. तापमानाच्या पाण्यात किंवा कृत्रिम लाळेत ठेवतात आणि एक तास, एक दिवस, एक आठवडा व चार आठवडे अशा अंतराने ओढ मोजतात. त्याच रिळातील, निर्जंतुक न केलेले नमुने तुलनेसाठी घेतले जातात.

उपचाराच्या दृष्टीने बलऱ्हास अधिक महत्त्वाचा आहे. ताणबल थोडे घटले तरी दैनंदिन ओढीपेक्षा ते कितीतरी अधिक असल्याने वलय तुटत नाही. म्हणून केवळ ताणबलावरून ‘निर्जंतुकीकरणाने अपाय होत नाही’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. निरनिराळ्या प्रयोगांतील आकडे जुळत नाहीत याचे एक कारण हेच आहे. द्रव्याचा प्रकार, ताणाचे प्रमाण, तापमान व द्रावणातील कालावधी ही अन्य कारणे होत.

१९८० नंतरचे परिवर्तन : यकृतशोथ-बी या रोगाच्या विषाणूचा पृष्ठप्रतिजन १९६५ मध्ये बरूक ब्लूमबर्ग यांनी शोधून काढला. रक्ताशी व लाळेशी नित्य संबंध येणाऱ्या दंतवैद्यांना या रोगाचा धोका अधिक असल्याचे पुढे स्पष्ट झाले. १९८१ मध्ये एड्स या रोगाची नोंद झाली आणि १९८६ मध्ये भारतात एचआयव्ही संसर्गाचे पहिले रुग्ण आढळले. सांगली जिल्हा एके काळी महाराष्ट्रातील अधिक संसर्ग असलेल्या जिल्ह्यांत गणला जात असे. दंतवैद्यकासाठी संसर्गनियंत्रणाच्या शिफारशी अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. प्रत्येक रुग्ण संसर्गयुक्त असू शकतो असे मानून वागण्याचे तत्त्व सर्वत्र मान्य झाले. भारतात जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये झाले व २०१६ मध्ये ते नव्याने करण्यात आले.

या परिवर्तनाने स्थितिस्थापक साधनांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. अर्ल स्पॉल्डिंग यांच्या वर्गीकरणानुसार शरीरातील ऊतींत शिरणारी साधने पहिल्या वर्गात, तर केवळ श्लेष्मल अस्तराला स्पर्श करणारी साधने दुसऱ्या वर्गात येतात. वलये व साखळ्या या दुसऱ्या वर्गातील होत. एकदा तोंडात गेलेले वलय पुन्हा वापरावयाचे नाही, याविषयी मतभेद उरला नाही. खरी अडचण न वापरलेल्या भागाची आहे. साखळी रिळावर गुंडाळून येते आणि लहान वलये एका दांडीवर अनेक अशी येतात. दंतवैद्य लाळेने ओले झालेले हातमोजे घालून रिळातून तुकडा कापतो, तेव्हा उरलेल्या साखळीवर जंतू जाऊ शकतात. दांडीवरील काही वलये वापरून उरलेली परत ठेवली, तर ती दुसऱ्या रुग्णाच्या तोंडात जातात. ती टाकून दिल्यास खर्च वाढतो. द्रावणात ठेवल्यास बळाविषयी शंका राहते. तशीच वापरल्यास संसर्गाचा धोका संभवतो.

परिसरातील विशेष परिस्थिती : सातारा व सांगली जिल्ह्यांत या प्रश्नाला हवामान व भूगोल यांची जोड मिळते. महाबळेश्वर येथे वर्षाला सु. ६,००० मिमी. पाऊस पडतो व पावसाळ्याचे महिने अत्यंत दमट असतात. याउलट माण, आटपाडी, जत हे तालुके अवर्षणप्रवण असून तेथे उन्हाळा कडक असतो. दमटपणा पॉलियुरेथेनाला आणि उष्णता व प्रकाश लॅटेक्सला बाधक असतात. म्हणून ही साधने निर्जंतुक करण्यापूर्वीच साठवणीत दुबळी होण्याचा संभव असतो. ती मूळ पाकिटात, थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवणे आणि मुदतीच्या आत वापरणे इष्ट होय.

उंचीचाही परिणाम होतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सु. १,३७२ मी. उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी सु. ९५° से. तापमानासच उकळते. दाबमापक बाहेरील हवेपेक्षा जादा असलेला दाब दाखवितो. त्यामुळे समुद्रसपाटीवर ज्या दाबास वाफेचे तापमान १२१° से. होते, त्याच दाखल्यास महाबळेश्वर किंवा पाचगणी येथे ते सु. ११८° से. इतकेच भरते. अशा ठिकाणी दाब थोडा वाढवावा लागतो अथवा अधिक वेळ द्यावा लागतो. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकराचा उपयोग करणाऱ्या लहान दवाखान्यांत तर तापमान पडताळण्याचे साधनच नसते. धातूच्या उपकरणांना जादा वेळ दिल्याने बिघडत नाही. रबरी साधनाला मात्र तो जादा वेळ सोसत नाही. तापमान मोजणारी पट्टी किंवा बीजुकचाचणी यांच्या साहाय्याने पात्राची वेळोवेळी तपासणी करणे हाच खात्रीचा उपाय होय.

तिसरी गोष्ट अंतराची. जत, आटपाडी, पाटण अशा तालुक्यांतील खेड्यांतून सांगली, मिरज किंवा कराड येथे येणाऱ्या रुग्णाला प्रत्येक भेटीसाठी शाळेचा किंवा रोजगाराचा दिवस खर्ची घालावा लागतो. दोन भेटींमधील काळात साखळी निष्प्रभ झाली, तर तो सर्व काळ उपचारातून वजा होतो आणि मूळ दोन वर्षांचा उपचार लांबतो. म्हणून साखळीच्या बळातील लहानशी वाटणारी घट रुग्णाच्या दृष्टीने लहान नसते.

प्रचलित पद्धती : अनुभवातून काही संकेत रूढ झाले आहेत. रुग्णाला बसविण्यापूर्वी लागेल तेवढाच साखळीचा तुकडा स्वच्छ चिमट्याने व कात्रीने कापून वेगळ्या तबकडीत ठेवतात. रिळाला उपचार चालू असताना स्पर्श करीत नाहीत. लहान वलयांच्या दांड्या एका रुग्णापुरत्या तोडून घेतात. रिळे झाकणाच्या डब्यात, तुषार उडणार नाहीत अशा अंतरावर ठेवतात. काही उत्पादक एका रुग्णापुरती वलये वेगळ्या बंद पाकिटात पुरवितात. न वापरलेला भाग अनवधानाने दूषित झाल्यास तो टाकून देणे श्रेयस्कर मानतात; अगदीच अपरिहार्य असेल, तरच उत्पादकाने सांगितलेल्या द्रावणात सांगितलेला वेळ ठेवून धुतात, आणि तेही एकदाच. लॅटेक्सची अधिहर्षता असलेल्या रुग्णांसाठी लॅटेक्सविरहित वलये उपलब्ध आहेत. त्यांचा बलऱ्हास वेगळा असल्याने ती अधिक वेळा बदलावी लागू शकतात.

उपसंहार : स्थितिस्थापक दंतसाधनांच्या निर्जंतुकीकरणाचा इतिहास हा परस्परविरोधी गरजांचा मेळ घालण्याचा इतिहास आहे. रबराला टिकाऊपणा देणारी उष्णता कारखान्यात हितकारक ठरली, पण तीच दवाखान्यात अहितकारक ठरली. दूषित साधन शुद्ध करून घेण्याचे बहुतेक मार्ग त्याच्या बळाची काही ना काही किंमत घेतात आणि ही किंमत डोळ्यांना दिसत नाही. म्हणून येथे शुद्धीकरणापेक्षा दूषित होऊ न देणे हाच अधिक भरवशाचा उपाय ठरला. मिरजेचे रुग्णालय उभे राहिले त्या काळात शल्यचिकित्सेने जो धडा घेतला, तोच धडा पुढे दंतवैद्यकाला एका लहानशा वलयाच्या संदर्भात नव्याने घ्यावा लागला. त्यासाठी महाग यंत्रांची आवश्यकता नाही. स्वच्छ चिमटा, आधी कापून ठेवलेला तुकडा व झाकलेले रीळ एवढ्या साधनांवर खेड्यातील लहान दवाखान्यालाही तो पाळता येतो.